गोल्फ कार्टचं पुढचं सस्पेन्शन आणि स्टेअरिंग: आधी प्ले शोधा, टो सगळ्यात शेवटी

गोल्फ कार्ट समोरून डगमगायला लागली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) फिरवून चाकं नजरेने सरळ करतात, नाहीतर टाय रॉड एंडचा (त्या दांडीच्या टोकाच्या सांध्याचा) नवा सेट मागवून बसवून टाकतात. गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा तेच सुरू होतं, कारण जिथे खरा प्ले (सांध्यातला ढिलेपणा) होता तिथे कोणी हातच लावलेला नसतो.

मीही हेच केलं होतं. एका कार्टचे दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड बदलले, टो (पुढच्या दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलेली, ते) लावला आणि तिसऱ्या दिवशी चाक पुन्हा थरथरायला लागलं. शेवटी गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवून पाहिलं, तेव्हा डाव्या किंग पिनचा (चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याचा) बुश, म्हणजे खिळ्याभोवतीची नळी, पार झिजून गेलेला निघाला. काढून टाकलेले टाय रॉड एंड मात्र धडधाकट होते. त्या दिवसापासून मी क्रम मोडत नाही: टायर, मग प्लेचा शोध, मग बेअरिंग, किंग पिन, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टाय रॉड, रॅक (स्टेअरिंगचं फिरणं आडव्या सरकण्यात बदलणारा भाग) आणि अगदी शेवटी टो. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला एखादा भाग ठीक असेल तर तो टप्पा सोडा, पण टप्प्यांची अदलाबदल करू नका.

## १. तयारी

जागा सपाट आणि टणक हवी. पुढे उंचीची आणि टोची मापं घ्यायची आहेत. जमीन उतरती असेल तर मापं खोटी येतात.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, टॉर्क रेंच, ट्रॉली जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), हातोडी, नोकदार पक्कड, टाय रॉडचा पुलर, ग्रीस गन, वायर ब्रश, मेजरिंग टेप आणि खडू एवढं लागतं. नव्या स्प्लिट पिना आणि नायलॉक नट आधीच आणून ठेवा. काढलेली स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा घालणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धोकादायक काटकसर आहे. गाडीच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअलही हाताशी असू द्या. टॉर्क आणि टोचे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात आणि तिथे अंदाज चालत नाही.

आदल्या रात्री टाय रॉडचे लॉक नट, किंग पिनचे नट आणि पाट्याचे बोल्ट वायर ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी निम्मा त्रास वाचतो.

दुसऱ्या टप्प्यातली फेरी आणि जमिनीवरच्या तपासण्या झाल्या की गाडी उचलताना क्रम असा ठेवा:

- किल्ली बंद करून काढून घ्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. ठोकळे आधी, बाकी सगळं नंतर.
- इलेक्ट्रिक कार्टला सीटखाली 'टो/रन' स्विच असेल तर तो 'टो'वर टाका आणि त्यानंतर बॅटरी पॅकची मुख्य निगेटिव्ह केबल सोडवा. (हा 'टो' गाडी ओढून नेण्याचा. चाकांचा टो वेगळा, तो शेवटी येईल.) 'टो'वर टाकल्यावर काही गाड्या मोकळ्या घरंगळतात, म्हणून ठोकळे आधी लावायला सांगितलं.
- पेट्रोल कार्टला बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली की पुरे.
- पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा फेरा ढिले करा.
- जॅक मॅन्युअलने दिलेल्या जागी, म्हणजे बहुधा चॅसिसच्या पुढच्या आडव्या तुळईखाली लावा. स्टेअरिंग रॅक, टाय रॉड किंवा पाट्याखाली जॅक लावू नका. उचलून झाली की चॅसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावा आणि गाडी घोड्यांवर पूर्ण टेकवा.

सावध: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. आणि बॅटरीजवळ काम करण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. ३६ किंवा ४८ व्होल्टच्या पॅकवर पाना आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो.

## २. लक्षण नेमकं काय, ते लिहून काढा

"स्टेअरिंग खराब आहे" एवढ्यावर काही शोधता येत नाही. गाडी उचलण्याआधी एक फेरी मारून या आणि काय, कधी, कोणत्या बाजूला होतं ते लिहा.

- वेग वाढला की चाक थरथरतं: वाकडी रिम, बॅलन्स गेलेला टायर, ढिलं बेअरिंग, झिजलेला किंग पिन बुश.
- गाडी एका बाजूला ओढते: दोन टायरमधल्या हवेचा फरक, मागचा एक ब्रेक धरून राहणं, एका बाजूचा बसलेला पाटा.
- स्टेअरिंग जड: कमी हवा, ग्रीस सुकलेला किंग पिन, गरजेपेक्षा जास्त आवळलेला रॅक.
- वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही: बहुतेक वेळा जाम झालेला किंग पिन.
- खड्ड्यात ठक्क आवाज: पाट्याचे बुश, शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी), शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे बोल्ट.
- स्टेअरिंग बरंच फिरवलं तरी चाक हलत नाही: कॉलमचा जॉईंट, रॅक, टाय रॉड एंड. यातलं नेमकं कोणतं ते चौथ्या टप्प्यात कळेल.

टायरची झीजही वाचा. दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा झिजल्या असतील तर टो-इन जास्त आहे, आतल्या कडा झिजल्या असतील तर टो-आउट. एकाच टायरची एकच कड गेली असेल तर कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) बिघडलाय किंवा काहीतरी वाकलंय. एकाच टायरच्या दोन्ही कडा झिजल्यात आणि मध्य चांगला आहे म्हणजे तो कमी हवेवर चाललाय. टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे, डोळ्यांना झीज दिसत नसली तरी.

## ३. टायर आणि मागचे ब्रेक

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि तरी सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो. दोन्ही पुढच्या टायरमध्ये सारखी हवा भरा. कार्टच्या लहान टायरना साधारण १८ ते २२ पीएसआय लागते, पण तुमच्या टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा पाहून ठरवा. एवढ्या कमी दाबात दोन-तीन पीएसआयचा फरकही गाडी ओढायला पुरतो.

गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहा. ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली तर दोष टायरमध्ये आहे, सस्पेन्शन उघडायची गरज नाही.

दुसरी शक्यता मागे असते. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. त्यातला एक धरून राहिला तर गाडी त्या बाजूला ओढते आणि माणूस मात्र पुढचं स्टेअरिंग खोलत बसतो. फेरी मारून आल्यावर मागच्या दोन्ही ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर आधी तो ब्रेक सोडवा.

## ४. प्ले शोधणं

सगळ्या लेखातला हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे अर्धा तास द्या. दोन माणसं लागतात.

आधी गाडी जमिनीवर ठेवून. एकाने सीटवर बसून स्टेअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं. चाक वळेल इतकं नाही, फक्त प्ले जाणवेल इतकं. दुसऱ्याने खाली पाहायचं, आणि वरून खाली क्रमाने: स्टेअरिंग व्हील आणि शाफ्ट, कॉलमचा युनिव्हर्सल जॉईंट, रॅकचा इनपुट शाफ्ट, रॅक धरून ठेवणारे बोल्ट, टाय रॉडचं आतलं टोक, बाहेरचं टोक, स्पिंडल (चाकाचं हब ज्यावर बसतं आणि जो किंग पिनवर वळतो तो भाग).

नुसतं पाहून भागत नाही. प्रत्येक सांध्यावर बोट असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर असेल. टाय रॉड एंडच्या बाबतीत बोटाचं टोक रॉडच्या डोक्यावर आणि पेर स्पिंडलच्या आर्मवर. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग बोटाखाली एकत्र हलतात. प्ले असेल तर एक भाग आधी सरकतो, बारीक टक् लागते आणि मग दुसरा निघतो. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. ज्या सांध्यात हालचाल शिरते पण पलीकडे पोचत नाही, तिथे प्ले आहे. तिथे खडूने खूण करा आणि पुढे तपासत राहा. पहिला दोष सापडला म्हणून थांबू नका, जुन्या गाडीत दोन-तीन जागा सापडणं नेहमीचंच.

मग गाडी घोड्यांवर घेऊन. चाक घड्याळ समजा. हात १२ आणि ६ वर ठेवून चाक आत-बाहेर हलवा, मग ३ आणि ९ वर ठेवून.

- फक्त १२-६ ला हलतं: किंग पिन किंवा त्याचे बुश.
- फक्त ३-९ ला हलतं: टाय रॉड किंवा रॅक.
- दोन्हीकडे सारखंच हलतं: चाकाचं बेअरिंग.

बेअरिंग की किंग पिन हे ठरवायला मोटारीवर काम करणारे ब्रेक दाबून धरायला सांगतात, म्हणजे हब जाम होतं आणि बेअरिंगचा प्ले निघून जातो. पुढच्या चाकांना ब्रेक नसलेल्या कार्टवर ही युक्ती चालत नाही. इथे एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने चाकामागे टॉर्च धरायची. हब स्पिंडलवर डुलतंय, स्पिंडल मात्र स्थिर आहे, तर बेअरिंग. स्पिंडलसकट सगळंच अ‍ॅक्सलमध्ये किंवा त्याच्या कानात डुलतंय तर किंग पिन.

तपासा: चाक हाताने जोरात फिरवा आणि दुसरा हात स्पिंडलवर ठेवा. घरघर बोटांना जाणवली तर प्ले नसला तरी बेअरिंग संपलेलं आहे.

सगळ्या खुणा झाल्या की मगच पार्टची यादी करा.

## ५. चाकाचं बेअरिंग

कार्टमध्ये दोन प्रकार येतात. एक म्हणजे बंद बेअरिंग: ते दुरुस्त होत नाही, दाबून काढायचं, नवं दाबून बसवायचं आणि नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळायचा. बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्या. आतल्या रिंगवर ठोकलं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतं.

दुसरा प्रकार टेपर रोलरचा, आणि चुका इथे होतात. डस्ट कॅप, स्प्लिट पिन, नट, वायसर काढून हब ओढून घ्या. जुनं ग्रीस रॉकेलने किंवा डिग्रीझरने पूर्ण धुवा आणि सुकू द्या. रोलर निळसर पडलेत, किंवा हबमधल्या कपवर (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या रिंगवर) खड्डे दिसतायत, तर बेअरिंग आणि कप दोन्ही बदला. जुन्या कपवर नवं बेअरिंग टिकत नाही.

ग्रीस नुसतं वरून फासू नका. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबून ओढत राहा, वरच्या बाजूने ग्रीसचे ठिपके बाहेर येईपर्यंत. मग बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग. तेलसील नवंच घाला.

नट आवळण्याची पद्धत: हब हाताने फिरवत फिरवत नट पान्याने हलकाच आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करा. मग नुसत्या बोटांनी जेवढा जाईल तेवढाच आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा मागे घ्या, पुढे नाही. हब मोकळं फिरलं पाहिजे आणि हलवून प्ले लागता कामा नये.

## ६. किंग पिन आणि बुश

चाकाला डावी-उजवीकडे वळू देणारा खिळा म्हणजे किंग पिन. चिखल आणि पाण्याचा पहिला मार त्यालाच बसतो.

उघडण्याआधी फोटो काढा. वायसर कोणता वर, कोणता खाली, थ्रस्ट वायसर कुठे, हे नंतर आठवत नाही, आणि एक वायसर चुकीच्या बाजूला गेला तर स्पिंडल वर-खाली डुलतो. टाय रॉड एंड स्पिंडलपासून सोडवा (पद्धत आठव्या टप्प्यात आहे), किंग पिनचा नट काढा आणि पिन खाली किंवा वर सरकवा. अडली तर ठोकण्याआधी नट दोन-तीन आट्यांवर परत लावून घ्या, नाहीतर आटे चिरडतात.

पिन पुसून तिच्यावरून नख उभं फिरवा. नख कुठे अडकलं तर पिनवर पायरी पडली आहे, तीही बदला. जुन्या पिनवर नवा बुश घातला तर ती पायरी बुशला कानशीसारखी घासते.

नवा बुश हातोडीने थेट ठोकू नका, तोंड चेपतं. लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि बुशच्या मापाची गोटी घेऊन बोल्ट आवळत त्याला ओढून बसवा, सरळ जातो. पितळी किंवा काशाचा बुश असेल आणि बसल्यावर पिन घट्ट होत असेल तर रीमर फिरवावा लागतो. पिन ठोकून घालू नका.

बसवून झाल्यावर ग्रीस निपल असेल तर बाजूने स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. स्पिंडल एका हाताने सहज वळला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये.

सावध: काही कार्टमध्ये किंग पिन म्हणजे दोन कानांतून जाणारा लांब बोल्ट असतो. तो जोरात आवळला की कान जवळ येतात, स्पिंडल चिमटीत सापडतो आणि स्टेअरिंग जड होतं. टॉर्क मॅन्युअलचाच द्या.

## ७. पाटे, बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर

चॅसिसच्या ठरावीक बिंदूपासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजूंनी उंची मोजा. गाडीत कोणी बसलेलं नको. मग गाडी त्याच जागी तोंड उलट करून उभी करा आणि पुन्हा मोजा. फरक त्याच बाजूला राहिला तर पाटा बसलाय. फरक बाजू बदलून गेला तर जमीन वाकडी आहे.

पाट्याला तडा बहुधा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ किंवा टोकाच्या गोल डोळ्याजवळ पडतो. वायर ब्रशने घासल्याशिवाय तो दिसत नाही. पाटे दोन असतील तर दोन्ही एकदम बदला. यू-बोल्ट समोरासमोर, तिरपे क्रमाने आवळा.

रबरी बुशच्या बोल्टचं शेवटचं आवळणं गाडी चाकांवर टेकवूनच करा. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि नवा बुश लवकर फाटतो. ही चूक फार जण करतात.

गाडी बसली म्हणून शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलण्यात अर्थ नाही. उंची पाटा किंवा स्प्रिंग धरते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर फक्त उसळी थांबवतो. पुढचा कोपरा दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर बदला.

सावध: काही कार्टमध्ये चाक लोंबकळताना त्याला शॉकअ‍ॅब्सॉर्बरनेच अडवलेलं असतं. त्याचा बोल्ट काढण्याआधी खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या. आणि कॉइल स्प्रिंगचा स्ट्रट असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा मधला नट कधीच सोडू नका.

## ८. टाय रॉड आणि टाय रॉड एंड

काढण्याआधी दोन गोष्टी करा. जुन्या एंडच्या बॉलच्या मध्यापासून रॉडवरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. आणि लॉक नटच्या जागी पेंटची रेघ मारा. सोडवताना फेरे मोजा, नवा एंड तितकेच फेरे घाला. टो अचूक येणार नाही, पण जवळपास येईल आणि गाडी हलवता येईल.

अनेक टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. नट हलत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी आटे कोणत्या बाजूला चढतात ते निरखून पाहा.

टेपरमधून (एंडचा निमुळता बोल्ट जिथे घट्ट बसतो तिथून) एंड सोडवताना स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा पण तीन-चार आट्यांवर राहू द्या. मग पुलर लावा. पुलर नसेल तर स्पिंडल आर्मचा जो गोल भाग टेपरला धरतो, त्याच्या बाजूवर हातोडीचे एक-दोन जोरकस घाव घाला. धक्क्याने टेपर सुटतो. खालून आट्यांवर ठोकलं की बोल्ट मशरूमसारखा फुगतो आणि मग काहीच निघत नाही.

नवा बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा. तिथे ग्रीस लावायचं नसतं. नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा आणि पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे, आणखी आवळून, पुढच्या खाचेपर्यंत न्या. बेअरिंगच्या नटच्या बरोबर उलट नियम. दोन्ही नट सारखेच खाचांचे दिसतात, म्हणूनच गल्लत होते: बेअरिंग मोकळं फिरायला हवं, टेपर घट्ट बसायला हवा.

तपासा: रॉडच्या आट्यांची जेवढी जाडी आहे, निदान तेवढ्या लांबीचे आटे एंडच्या आत गेले आहेत ना? टोकावर लटकत असलेला एंड रस्त्यावर सुटू शकतो.

## ९. स्टेअरिंग रॅक आणि कॉलम

आधी सोपं बघा: रॅक चॅसिसला धरणारे बोल्ट आणि कॉलम जॉईंटचा क्लॅम्प बोल्ट. चौथ्या टप्प्यात रॅकची अख्खी बॉडी सरकताना दिसली असेल तर रॅक नव्हे, बोल्ट ढिले आहेत.

रबरी बूट फाटलं असेल तर आत पाणी आणि माती गेली आहे. साफ करून, ग्रीस भरून नवं बूट घाला. आत गंज असेल तर रॅकच बदला.

काही रॅकना प्ले कमी करायचा स्क्रू असतो. तो एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाएवढाच फिरवा आणि दरवेळी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. रॅक मध्यावर जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मध्यातला प्ले घालवायला स्क्रू आवळला आणि टोकांकडे स्टेअरिंग अडायला लागलं, तर तो रॅक झिजून संपलाय. स्क्रू मागे घ्या आणि नव्याची तयारी करा.

आता रॅक मध्यावर आणा. स्टेअरिंग डावीकडे टोकापर्यंत न्या, तिथून उजव्या टोकापर्यंत फेरे मोजा, त्याच्या निम्मे मागे या आणि शाफ्टवर खूण करा. स्टेअरिंग व्हील वाकडं दिसलं तरी ते आत्ताच काढून सरळ करू नका.

## १०. टो

इथवर सगळा प्ले गेला असेल तरच हा टप्पा घ्या. ढिल्या सांध्यावर घेतलेलं टोचं माप प्रत्येक वेळी वेगळं येतं. गाडी उंच करायचा किट बसवायचा असेल तर तोही आधी. कॅम्बर बदलता येत असेल तर तोही आधी, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो.

१. गाडी घोड्यांवर असताना चाक फिरवत टायरच्या मधोमध खडूची बारीक रेघ ओढा. खडू किंवा खिळा एखाद्या ठोकळ्यावर पक्का टेकवून धरा, हात हलता कामा नये. दुसऱ्या चाकालाही तसंच.

२. गाडी खाली घ्या. दोन-तीन मीटर पुढे ढकला आणि पुढचा भाग दोनदा दाबून सोडा. जॅकवरून उतरल्यावर चाकं वाकडी रुतलेली असतात, या हालचालीने ती आपल्या जागी येतात. स्टेअरिंग मध्याच्या खुणेवर बांधून टाका.

३. चाकाच्या मध्याच्या उंचीवर, मागच्या बाजूला दोन्ही रेघांवर एक-एक ठिपका करा आणि त्यांतलं अंतर मोजा.

४. गाडी पुढे ढकला, चाक बरोबर अर्धा फेरा फिरेल आणि तेच ठिपके पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतील इतकी. पुन्हा मोजा. तेच ठिपके मोजल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी माप बिघडत नाही.

५. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी हवं, हाच टो-इन. कार्टमध्ये तो साधारण ३ ते ६ मिमी असतो. मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच शेवटचा.

टाय रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो. पुढे असेल तर लांब केल्यावर कमी होतो. पाव-पाव फेरा फिरवा आणि दरवेळी गाडी पुन्हा ढकलून मोजा. कंटाळा येतो, पण न ढकलता मोजलेलं माप खरं नसतं.

रचना पाहून घ्या. रॅक मधे आणि दोन्हीकडे एक-एक रॉड असेल तर दोन्ही रॉड सारखेच बदला, नाहीतर टो बरोबर येईल पण स्टेअरिंग वाकडं राहील. दोन चाकांना जोडणारा एक लांब रॉड आणि रॅककडून एका चाकाकडे जाणारा छोटा रॉड असेल, तर टो लांब रॉडने लावा आणि स्टेअरिंग छोट्या रॉडने सरळ करा. हे दोन्ही झाल्यावरही व्हील एखाद्या खाचेने तिरकं उरलं तरच ते काढून पुन्हा बसवा.

तपासा: लॉक नट आवळताना एंडचं डोकं पक्कडीने धरून ठेवा. ते नटबरोबर फिरलं तर बॉल एका बाजूला टेकून बसतो. आवळून झाल्यावर रॉड हाताने पुढे-मागे थोडा डोलला पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखाच.

## ११. चाचणी

चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडी जमिनीवर ठेवून, टॉर्क रेंचने आवळा. प्रत्येक स्प्लिट पिन आत आहे आणि तिची दोन्ही टोकं वाकवली आहेत हे बोट लावून मोजा. बॅटरीची केबल जोडा आणि त्यानंतरच स्विच 'रन'वर आणा.

गाडी उभी असतानाच स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन टायर किंवा रॉड कुठे घासत नाहीत ना ते पाहा. मग मोकळ्या, सपाट जागेत चालण्याच्या वेगाने जा. सरळ रेषेत स्टेअरिंगवरची पकड सैल करा, हात मात्र जवळच ठेवा. वळण घेऊन स्टेअरिंग स्वतः परत येतं का पाहा. मग ब्रेक, आणि मगच वेग.

पहिल्या फेरीनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नंतर दहा-बारा तास गाडी चालली की यू-बोल्ट, लॉक नट आणि रॅकचे बोल्ट. काम संपवताना प्रत्येक लॉक नटवरून रॉडपर्यंत पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी वाकून पाहिलं की रेघ तुटलेली आहे की सलग, एवढ्यावरून नट हलला का ते पाना न लावता कळेल.